ईशान अवस्थीच्या वह्या : ‘तारे जमीन पर’मधील एका विद्यार्थ्याचा प्रकरण अभ्यास

आमिर खान यांनी दिग्दर्शित केलेला आणि अमोल गुप्ते यांनी लिहिलेला ‘तारे जमीन पर’ हा हिंदी चित्रपट २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झाला. त्याला कुटुंबकल्याणविषयक सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली आणि ‘डिस्लेक्सिया’ (वाचन-लेखन शिकण्यातील विशिष्ट अडचण) हा शब्द त्यानंतर आपल्याकडील पालकसभांमध्ये सर्रास ऐकू येऊ लागला. या लेखात चित्रपटाचे रसग्रहण करायचे नाही. त्यातील ईशान नंदकिशोर अवस्थी हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा आपल्याकडे एखाद्या शाळेतून आलेला विद्यार्थी आहे असे धरून त्याची नोंद लिहून पाहायची आहे. विद्यार्थ्याच्या नोंदीत जे जे अपेक्षित असते, म्हणजे तक्रार, पूर्वेतिहास, आधी झालेले उपाय, ओळख पटण्याची घटना, अध्यापन आणि परिणाम, ते जवळजवळ सगळे या कथेत क्रमाने आलेले आहे, आणि जे आलेले नाही तेही तितकेच बोलके आहे.

तक्रार आणि तिचे अर्थ

ईशान मुंबईत आईवडील आणि मोठ्या भावासह राहतो. वडील नोकरीनिमित्त सतत फिरतीवर असतात, आई माया हिने मुलांसाठी नोकरी सोडलेली आहे, आणि थोरला योहान वर्गात पहिला येणारा व टेनिस खेळणारा आहे. ईशान तिसरीत एकदा नापास झालेला असून त्याच वर्गात दुसऱ्यांदा बसला आहे. शाळेची तक्रार अशी, की त्याचे लक्ष नसते, वाचायला उभे केले तर तो वाचत नाही, गृहपाठ अपुरा असतो, अक्षर गिचमिड असते आणि विचारल्यावर तो उलट उत्तरे देतो. घरची तक्रार अशी, की तो हट्टी आहे, शेजारच्या मुलांशी भांडतो, वस्तू हरवतो आणि काल पाठ करून घेतलेले शब्द आज विसरतो.

या तक्रारींतील प्रत्येक गोष्ट खरी आहे, हे आधी मान्य केले पाहिजे. शाळा खोटे बोलत नाही आणि आईही नाही. वाचता येत नसलेल्या मुलाने वर्गात वाचण्याची वेळ टाळणे स्वाभाविकच असते. ‘मस्तीखोर’ हा शिक्का ‘ढ’ या शिक्क्यापेक्षा सुसह्य असतो, हे मुलांना फार लवकर कळते. बाई वाचायला सांगतात तेव्हा ईशान म्हणतो की अक्षरे नाचताहेत, त्यावर वर्ग हसतो, बाई नाचणारीच अक्षरे वाच म्हणतात आणि अखेर त्याला वर्गाबाहेर काढतात. बाहेर काढल्यामुळे त्या तासापुरती त्याची सुटका होते. वर्तनाच्या दृष्टीने पाहिले तर शिक्षेने इथे नेमके तेच वर्तन पक्के केले, जे तिला मोडायचे होते, आणि ही गोष्ट त्या शाळेत कोणाच्याही ध्यानात येत नाही.

प्रकरणाची मेख तपासलेल्या वह्यांमध्ये आहे. ईशानच्या वह्या तपासल्या जातात, त्यांवर लाल खुणा होतात, शेरे पडतात, गुण दिले जातात, आणि ते पेपर घरी नेण्याऐवजी तो वाटेतल्या कुत्र्यांपुढे टाकतो. त्याच्या चुका दोन वर्षे मोजल्या जात होत्या, पण कोणती चूक किती वेळा आणि कशा जातीची आहे, हे कोणी पाहिले नव्हते. शिक्षकांना पन्नास-साठ वह्या एका बैठकीत तपासाव्या लागतात, त्यामुळे हे समजण्यासारखे आहे. तपासणीची आपली पद्धतच बरोबर-चूक या दोन घरांची आहे आणि त्या पद्धतीत चुकीचा प्रकार नोंदवायला जागाच नाही.

गणिताचा प्रसंग याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. प्रश्नपत्रिकेत ३ × ९ हा गुणाकार आहे. ईशानच्या डोक्यात तीन म्हणजे सूर्यापासूनचा तिसरा ग्रह पृथ्वी आणि नऊ म्हणजे प्लूटो. तो अंतराळयान चालवत पृथ्वीला ओढून नेतो, ती प्लूटोवर आदळते, प्लूटोचा चक्काचूर होतो, पृथ्वी शिल्लक राहते, म्हणून उत्तर ३. (प्लूटोला ऑगस्ट २००६ मध्येच ग्रहांच्या यादीतून वगळले होते, पण शालेय पुस्तकांत तो अजून नववा होता.) प्रेक्षक या प्रसंगाकडे कल्पनाशक्तीचा नमुना म्हणून पाहतो आणि सुखावतो. प्रकरण लिहिणाऱ्याने तिथे थांबायला हवे, कारण या मुलाला ग्रहांचा क्रम अचूक माहीत आहे, म्हणजे ऐकलेले आणि पाहिलेले ज्ञान त्याच्याकडे टिकते, परंतु ‘गुणिले’ या चिन्हाला त्याच्या मनात क्रियेचा अर्थ चिकटलेला नाही, म्हणून त्याने त्याला टकरीचा अर्थ दिला. उत्तरपत्रिकेवर मात्र तपासणाऱ्याला एवढेच दिसते, की सोपा पाढा आला नाही. ‘हे उत्तर कसे काढलेस’ असा एक तोंडी प्रश्न त्याला कोणी विचारला असता, तर प्रकरण त्या दिवशीच वेगळ्या वाटेला लागले असते.

मुख्याध्यापिका आईवडिलांना बोलावून मुलासाठी विशेष शाळेचा विचार सुचवतात. वडिलांना तो अपमान वाटतो. मुलगा शहरभर भटकून वर्ग बुडवतो आणि भावाकडून रजेची चिठ्ठी लिहून घेतो, हे उघडकीस आल्यावर ते त्याला वसतिगृहाच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय पक्का करतात. शाळेची शिफारस आणि वडिलांचा निर्णय या दोन्हींमागे निदान कसलेच नाही. एकाने मुलाची कुवत कमी आहे असे गृहीत धरले, दुसऱ्याने शिस्त कमी आहे असे धरले, आणि दोघांनीही मूल नजरेआड करण्याचा मार्ग निवडला.

वसतिगृह

या भागाचे चित्रीकरण पाचगणीच्या न्यू एरा हायस्कूलमध्ये झालेले आहे. त्यातील शिस्तीचा तपशील इथे पुन्हा सांगण्याची गरज नाही, पण नोंद करण्यासारखा एक बदल आहे. मुंबईत असताना ईशान त्रासदायक होता, पण चित्रे काढत होता, मासे पकडत होता, भांडत होता. वसतिगृहात तो शांत होतो, चित्र काढणे थांबवतो आणि एका प्रसंगी गच्चीच्या कठड्यावर पोहोचतो, तिथून त्याला त्याचा मित्र राजन मागे ओढतो. शाळेच्या दृष्टीने तक्रारी कमी झाल्या, प्रत्यक्षात मुलाची अवस्था गंभीर झाली. अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) असलेल्या मुलांमध्ये नैराश्य हे बहुधा मूळ अडचणीतून येत नाही, ते तिला मिळालेल्या प्रतिसादातून येते. म्हणून गोंधळ घालणारे मूल अचानक गप्प झाले, तर शिक्षकाने हायसे वाटून घेण्याऐवजी सावध व्हायला हवे.

ओळख

राम शंकर निकुंभ हा बदली कलाशिक्षक चित्रपटाच्या मध्यंतराच्या सुमारास येतो. तो स्वतः विशेष मुलांच्या शाळेत शिकवतो आणि लहानपणी त्यालाही हीच अडचण होती, हे पुढे कळते. वर्गात सगळे चित्र काढत असताना एकाचा कागद कोरा राहतो, एवढ्यावरून त्याची चौकशी सुरू होते. तो राजनशी बोलतो, ईशानच्या सगळ्या विषयांच्या वह्या मागवतो, मुंबईला जाऊन घर पाहतो, आधीची चित्रे पाहतो आणि मगच पालकांसमोर आपले म्हणणे मांडतो. या क्रमाकडे सहसा दुर्लक्ष होते. निकुंभ संवेदनशील आहे म्हणून त्याला कळले, असे प्रेक्षक म्हणतात. खरे तर त्याने अनेक वह्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून त्याला कळले. एका वहीत जी चूक निष्काळजीपणाची वाटते, तीच पाच विषयांत एकाच प्रकारे दिसली की तिचा अर्थ बदलतो. तो पालकांना दाखवतो की मुलगा इंग्रजीतील ‘बी’ आणि ‘डी’ यांची अदलाबदल करतो, काही अक्षरे आरशातल्यासारखी उलटी काढतो, शब्दातील अक्षरांचा क्रम बदलतो, आणि एकच शब्द एकाच पानावर वेगवेगळ्या प्रकारे लिहितो. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चुकीचे स्पेलिंग पाठ झालेला मुलगा ते प्रत्येक वेळी सारखेच चुकवतो, तर ध्वनी आणि अक्षर यांची सांगड न बसलेला मुलगा दर वेळी नवा प्रयत्न करतो.

वडील हे सारे बहाणे म्हणून उडवून लावतात, तेव्हा निकुंभ एका खोक्यावरची परक्या लिपीतील अक्षरे त्यांना वाचायला सांगतो, आणि त्यांना ती येत नाहीत म्हटल्यावर त्यांच्यावरच आगाऊपणाचा आरोप करतो. पालक-प्रशिक्षणात हा प्रसंग आजही वापरण्याजोगा आहे, मात्र एक मर्यादा सांगून. वडिलांना ती लिपी कधी शिकवलेलीच नव्हती. ईशानला मात्र शिकवलेले आहे, पुन्हा पुन्हा शिकवलेले आहे, आणि तरी ते बसत नाही. डिस्लेक्सियाची व्याख्याच मुळी पुरेशी बुद्धी आणि पुरेसे शिक्षण असूनही वाचन न जमणे अशी आहे.

या अडचणीची वैद्यकीय नोंद जुनी आहे. १८९६ साली ब्रिटिश डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाचे प्रकरण प्रसिद्ध केले. तो हुशार होता, पण स्वतःच्या नावातील अक्षरांचाही क्रम चुकवत असे. शिकवणे पूर्णपणे तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असा त्याच्या शिक्षकांचा अभिप्राय मॉर्गन यांनी नोंदवला आहे. निकुंभ मुख्याध्यापकांकडे जाऊन ईशानची परीक्षा काही काळ तोंडी घ्यावी आणि स्पेलिंगच्या चुकांवर गुण कापू नयेत अशी मागणी करतो, ती एकशे अकरा वर्षांनंतर जवळपास त्याच जागेवरून केलेली मागणी आहे.

चित्रपटातील निदान कितपत बरोबर

नाचणारी आणि उलटी होणारी अक्षरे हे पडद्यावर दाखवायला सोपे असते, त्यामुळे डिस्लेक्सिया हा डोळ्यांचा काहीतरी घोटाळा आहे असा समज चित्रपटानंतर दृढ झाला. संशोधनातून आज जे सर्वाधिक मान्य आहे ते वेगळे आहे. मूळ अडचण बहुतेक मुलांत भाषेतील ध्वनी सुटे करून ओळखण्यात आणि ते अक्षरांशी वेगाने जोडण्यात असते. अक्षरे उलटी काढणे हे सहा-सात वर्षांपर्यंतच्या पुष्कळ मुलांत दिसते आणि एरवी ते आपोआप जाते. केवळ त्यावरून पहिलीतल्या मुलाला डिस्लेक्सिया आहे असे ठरवणाऱ्या पालकांना त्यासाठीच थोपवावे लागते. ईशानला चेंडू नेमका फेकता-झेलता येत नाही, बुटाची नाडी आणि बटणे जमत नाहीत, हेही निकुंभ त्याच खात्यात टाकतो. ती अडचण शारीरिक हालचालींच्या समन्वयाची आहे. ती डिस्लेक्सियासोबत अनेकदा आढळते, पण तिची तपासणी आणि उपाय स्वतंत्र असतात. त्याशिवाय दृष्टी आणि श्रवण यांची तपासणी सर्वांत आधी व्हायला हवी, आणि ती या कथेत कोणीच करत नाही.

मराठी शिक्षकापुढे आणखी एक प्रश्न उरतो. चित्रपटातील जवळजवळ सर्व खुणा रोमन लिपीच्या आहेत, आणि ‘बी-डी’ची अदलाबदल शोधत बसणाऱ्याला देवनागरी वहीत काहीच सापडणार नाही. मराठीत आकाराने जवळची अक्षरे म्हणजे घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. पण आकारापेक्षा जास्त त्रास रचनेचा होतो. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी काढायची आणि तिचा उच्चार मात्र नंतर करायचा. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर द्यायचा आणि उच्चार त्याच्या आधी करायचा. त्यामुळे ‘कर्म’ लिहायला सांगितल्यावर ‘क्रम’ किंवा ‘करम’ लिहिणारा, ‘पुस्तक’मधला अर्धा स गाळणारा, अनुस्वार भलत्याच अक्षरावर देणारा मुलगा आपल्या वर्गात असतो आणि आपण ते सगळे ‘शुद्धलेखन कच्चे’ या एका शेऱ्याखाली जमा करतो. चौथीपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ बऱ्याच मुलांचे चुकते, त्याला फार महत्त्व देऊ नये. जोडाक्षर दिसले की थांबणारा, शब्दाचे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने उरकणारा आणि ऐकलेली गोष्ट मात्र तपशिलासह सांगणारा मुलगा दिसला, तर त्याच्या मराठी, गणित आणि परिसर अभ्यास या तिन्ही वह्या एकत्र काढून पाहाव्यात.

उपाय आणि त्याचे श्रेय

निकुंभ वापरत असलेल्या पद्धती चित्रपटासाठी रचलेल्या नाहीत. वाळूत बोटाने अक्षर गिरवणे, मातीची अक्षरे करणे, मोठ्या चौकटींपासून सुरुवात करून चौकटी लहान करत जाणे, जिन्याच्या पायऱ्यांवर चढून-उतरून बेरीज-वजाबाकी करणे, ध्वनिमुद्रित पाठ ऐकत पुस्तकावर डोळे फिरवणे, या सर्वांमागे स्पर्श, हालचाल, श्रवण आणि दृष्टी एकाच वेळी कामाला लावण्याचे तत्त्व आहे, आणि त्यावर आधारलेले अध्यापन अमेरिकेत १९३०च्या दशकापासून पद्धतशीरपणे चालत आले आहे. चित्रपटात हा सारा क्रम एका गाण्याच्या अवधीत आटोपतो. प्रत्यक्षात अशा शिकवणीला महिने आणि बहुधा वर्षे लागतात, प्रगती कधी पुढे तर कधी मागे अशी होते, आणि आठवड्यातून एखाद्या तासाने फारसे साधत नाही. पालक ‘दोन महिने झाले, अजून वाचत नाही’ म्हणून शिकवणी बंद करतात, त्यामागे हे गाणे काही अंशी तरी आहे असे माझे मत आहे.

दुसरी अडचण शेवटाची आहे. शाळेच्या चित्रकला स्पर्धेत ईशान जिंकतो. परीक्षक म्हणून चित्रकार ललिता लाजमी स्वतःच्याच भूमिकेत दिसतात, आणि त्याचे चित्र शाळेच्या वार्षिकाच्या मुखपृष्ठावर येते. कथेला हा शेवट हवाच होता. परंतु यामुळे, आणि वर्गात निकुंभ ही अडचण असलेल्यांची म्हणून आइन्स्टाइनपासून अभिषेक बच्चनपर्यंत जी नावे घेतो त्यामुळे, डिस्लेक्सिया असलेल्या प्रत्येक मुलात एखादी असामान्य देणगी दडलेली असते असा उलटा समज पसरला. त्या यादीतील लिओनार्दो दा विंचीसारख्यांचे निदान तर शतकांनंतर तर्काने केलेले आहे. ज्याला चित्र येत नाही, गाणे येत नाही आणि वाचताही येत नाही, अशा सामान्य मुलाचे काय करायचे, हा प्रश्न आईबाप विचारतात, आणि त्याला हा चित्रपट उत्तर देत नाही. वाचायला शिकवले जाण्याचा हक्क मुलाने बक्षीस मिळवून कमवायचा नसतो. चित्रपटातील निकुंभला हे माहीत आहे, कारण तो मुख्याध्यापकांकडे स्पर्धेच्या कितीतरी आधी जातो. पण प्रेक्षकाच्या लक्षात स्पर्धाच राहते.

फाइलमध्ये नसलेले कागद

कथा मुंबईची आहे, आणि महाराष्ट्र शासनाने अध्ययन अक्षम विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचे धोरण १९९६ मध्येच स्वीकारले होते. त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही स्थापन झाली. वाढीव वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, भाषेच्या बाबतीत पर्याय, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा त्या सवलती होत्या, आणि त्यासाठी लागणारी तपासणी शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात होत असे. म्हणजे अवस्थी कुटुंबाच्या घरापासून उपनगरी गाडीच्या अंतरावर ही सोय होती आणि चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ती अनेक वर्षांची होती. कथेतील एकाही पात्राला तिचा पत्ता नाही. लेखकांनी ते मुद्दाम केले असो वा नसो, वास्तवाशी ते जुळते, कारण सवलतीची माहिती मुलापर्यंत शाळेमार्फत पोहोचते आणि शाळेलाच अडचण ओळखता आली नाही तर सवलत कागदावर राहते.

पुढे २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात एकवीस प्रकारांमध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश झाला. १९९५च्या जुन्या कायद्यात तिला स्थान नव्हते. २०१८च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रमाणपत्र आठ वर्षे पूर्ण झाल्यावर देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी करण्याची तरतूद होती. ईशानचे वय पाहता, कायदा आला तोपर्यंत त्याची दहावी होऊन गेली असती.

चित्रपट संपतो तेव्हा निकुंभला शाळेत कायम नेमणूक मिळालेली आहे, शिक्षक पालकांना प्रगतीची बातमी देत आहेत आणि मुलगा सुटीसाठी घरी निघाला आहे. त्याच्या फाइलमध्ये मानसशास्त्रीय चाचणीचा अहवाल नाही, डोळे-कानांच्या तपासणीची नोंद नाही, वैयक्तिक अध्यापन योजना नाही, तोंडी परीक्षेच्या सवलतीचे लेखी पत्र नाही आणि सवलतीसाठी लागणारे प्रमाणपत्रही नाही. मुख्याध्यापकांनी निकुंभला दिलेला होकार तोंडी आहे. जून महिन्यात ईशान चौथीत बसेल, तिथे त्याला इंग्रजी, हिंदी आणि गणित शिकवायला कलाशिक्षक येणार नाही, आणि त्या तिन्ही विषयांच्या शिक्षकांच्या हातात पडतील त्या कोऱ्या वह्या.